रॅक हलवून पाहणारा एकमेव इसम

कोणतंही काम कोणीतरी केल्याशिवाय होत नाही, असा एक समज खेड्यापाड्यांत आणि प्राथमिक शाळांत अजून आढळतो. दिल्लीत तो केव्हाच निकालात काढण्यात आला आहे. (कोणी काढला, हे विचारू नये. तेच तर सांगायचं आहे.) दिल्लीत निर्णय घेतले जातात, सूचना दिल्या जातात, चुका होतात, खेद व्यक्त होतो आणि चौकशीअंती समाधानही व्यक्त केलं जातं, या सगळ्यात माणसाचा हात म्हणून कुठे लागत नाही. इतकं स्वच्छ काम फक्त शस्त्रक्रियेच्या खोलीत होत असेल, पण तिथेही निदान हातमोजे घातलेला एक माणूस सापडतो.

या विद्येतले अधिकारी पुरुष म्हणजे श्री. सूर्यकांत रिसबूड, कक्ष अधिकारी, भांडार-समन्वय संचालनालय. हे संचालनालय कोणत्या भांडारांचा कशाशी समन्वय करतं, ते 'यथावकाश स्पष्ट करण्यात येईल' असं त्याच्या स्थापनेच्या आदेशात म्हटलं आहे. तो यथावकाश अजून यायचा आहे. तोवर चार मजले, दोनशे अकरा माणसं आणि दोन लिफ्ट (पैकी एक चालू) यांच्या बळावर कामकाज सुरळीत सुरू आहे.

रिसबूड पस्तीस वर्षांपूर्वी चिपळूणहून परीक्षा देऊन कारकून म्हणून दिल्लीत आले, तेव्हा ते तुमच्या-माझ्यासारखेच अडाणी होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना कपाटं मोजायला सांगितलं. त्यांनी मोजली आणि इंग्रजीत लिहिलं, 'मी कपाटं मोजली. दोन कमी आहेत.' तेव्हाच्या अधीक्षकांनी तो कागद चिमटीत धरून सगळ्या कक्षाला दाखवला. मोजली कोणी? मी. म्हणजे कमी आहेत हे कोणाला ठाऊक आहे? मला. मग उद्या ती दोन कपाटं कोणाच्या घरी शोधायची? रिसबुडांना घाम फुटला. अधीक्षकांनी स्वतःच्या हाताने सुधारून दिलेलं वाक्य त्यांनी पुढे आयुष्यभर देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं: 'टू अल्मिराज वेअर फाउंड टु हॅव नॉट बीन फाउंड.' म्हणजे दोन कपाटं न सापडलेली अशी आढळून आली. ती कपाटं अजूनही तशीच आढळून येत आहेत.

तिथून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढे त्यांनी 'टिपणी-लेखनातील कर्मणी प्रयोग: प्राथमिक ते प्रगत' या नावाची बत्तीस पानी पुस्तिका काढली. तिच्या झेरॉक्स प्रती पाच मंत्रालयांत फिरतात आणि नव्या भरतीच्या पोरांना प्रशिक्षण संस्थेत ती शिकवली जाते. पुस्तिकेत चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर माणूस काढायचा: 'मी पाहिलं' ऐवजी 'पाहण्यात आलं'. दुसरीवर पाहणंही काढायचं: 'असं दिसून येतं'. तिसरीवर दिसण्याबद्दलच शंका निर्माण करायची: 'असं दिसून येत असल्याचं समजतं'. चौथी पायरी उपसचिव आणि त्यावरच्यांसाठी राखीव आहे. 'हे निदर्शनास आणलं गेलं असतं, तर त्याचा यथोचित विचार केला गेला असता.' हे वाक्य इंग्रजीत पेलायला तीन वेगवेगळी क्रियापदं एकमेकांच्या खांद्यावर उभी करावी लागतात, दहीहंडीला पोरं करतात तशी. पान सातवर 'अडचणीच्या वेळची वाक्यं' असं एक टिपण आहे, ते वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे लागेल.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेत लिहिलेली नाही, कारण ती लिहायची नसते. करणारा माणूस वाक्यातून निघून जातो हे खरं, पण सगळेच जात नाहीत. वरचा अधिकारी हलका असतो, तो चटकन उडून जातो. खालचा जड असतो, तो वाक्याच्या तळाशी बसून राहतो. गेल्या वर्षी या संचालनालयात तीन हजार एकशे बारा टिपण्या लिहिल्या गेल्या. त्यांपैकी 'अमुक यांच्याकडून' असा स्पष्ट उल्लेख एकोणीस ठिकाणी आला. त्यांत चौदा शिपाई, चार सफाई कामगार आणि एक माकड. (माकडाने जाबजबाबासाठी हजर राहण्याचं नाकारलं, त्यामुळे ते सुटलं. नियम सर्वांना सारखे आहेत.)

मयूर विहारच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर, रिसबुडांच्या घरीही हीच शिस्त होती. 'चहात साखर घालण्यात आलेली दिसत नाही,' असं ते म्हणत. 'पंखा चालू ठेवण्यात आला होता का?' असं विचारत. त्यांच्या पत्नी हेमलताबाई मात्र सत्तावीस वर्षांत सुधारल्या नाहीत. 'साखर मी विसरले,' असं सरळ म्हणून त्या डबा पुढे सरकवत. चूक कबूल करूनही या बाईचं काहीच बिघडत नाही, याचं रिसबुडांना मनातून नवल वाटे. मुलगी रेवती दिल्लीतच वाढलेली, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. तिला 'अभिलेख' म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण 'किसने किया?' हा प्रश्न ती लहानपणापासून फार विचारायची.

आता मुख्य विषय, म्हणजे रॅक.

रिसबुडांच्या कक्षात तीन मराठी माणसं होती. (दिल्लीत एका कक्षात तीन मराठी माणसं असणं हाही अपघातच; पण ज्याची गोष्ट सांगायची तो अपघात वेगळा.) एक स्वतः रिसबूड. दुसरे ज्ञानोबा, नांदेडकडचे, वय अठ्ठावन्न. फाइली शिवणं, लावणं आणि सांभाळणं हे त्यांचं काम. दाभण आणि पांढरी नाडी घेऊन ते फाइल अशी शिवत, की वीस वर्षांनी उघडली तरी एक पान निसटलेलं नसे. तिसरा संघपाल गणवीर, भंडाऱ्याचा, सहायक कक्ष अधिकारी, वय चौतीस, राहायला गाझियाबादला. त्याचे वडील राजाराम गुरुजी गावाकडे शाळेत होते. जे पाहिलं ते लिही आणि जे लिहिलं त्याखाली सही कर, एवढीच शिकवण त्यांनी पोराला दिली होती. सरकारी नोकरीत पाठवायच्या पोराला हे शिकवू नये, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

तळघरातल्या अभिलेख कक्षात एक लोखंडी रॅक होता. उंची नऊ फूट, वय तेवीस वर्षं, कल डावीकडे. आठ वर्षांपूर्वी 'रॅक दुरुस्त करण्याच्या शक्यतेचा विचार केला जाऊ शकेल' अशी एक फाइल उघडली गेली. ती सहा टेबलांवरून वर गेली आणि पाच टेबलांवरून खाली आली. (एक टेबल मधल्या काळात रद्द झालं.) दुरुस्ती म्हणजे काय, रॅक म्हणजे फर्निचर की यंत्रसामग्री, आणि कल डावीकडे म्हणायचा तर कोणत्या बाजूने उभं राहून, या मुद्द्यांवर चारशे बारा पानं झाली. फाइल फुगत गेली तसे तिचे खंड पाडावे लागले. खंड ठेवायला जागा म्हणून एकच रॅक रिकामा होता. चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.

मध्यंतरी सगळं कामकाज संगणकावर गेलं आणि कागद बंद झाले. कागद बंद झाल्याचा आदेश प्रत्येक कक्षाने छापून फाइलला लावावा, असाही आदेश निघाला, आणि तेव्हापासून कागद दुप्पट झाले. संगणकावरच्या फाइलीत एक मोठा दोष मात्र होता. टिपणी एकदा पक्की केली की हिरवी होते, आणि हिरवी झालेली टिपणी ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही.

एका मंगळवारी संघपाल जुना कागद शोधायला तळघरात गेला. त्याने रॅक पाहिला, त्याला हात लावून पाहिला आणि तो चरकला, कारण रॅकच्या बरोबर खाली ज्ञानोबांची खुर्ची होती. खुर्ची बाजूला घेऊया म्हणाला, तर ज्ञानोबांनी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. 'नको साहेब,' ते म्हणाले, 'मागं एकदा उजेडाला सरकवली होती, तर मेमो आला. जागा नकाशात मंजूर हाय. मोठ्या साहेबानं सांगितल्याबिगर नाही हलवायची.'

संघपाल तसाच वर आला. साडेअकरा वाजले होते. रिसबूड डबीतून बडीशेप काढत होते.

'सर, खाली रॅक पडायला आलाय,' संघपाल म्हणाला. 'ज्ञानोबाकाका त्याच्या खालीच बसतात. तुम्ही एक शब्द बोला, ते खुर्ची हलवतील. आत्ताच चला ना, दोन मिनिटांचं काम आहे.'

रिसबुडांनी बडीशेप तोंडात टाकली. दोन मिनिटांचं काम हा शब्दप्रयोगच त्यांना धोक्याचा वाटे. खुर्ची हलवा म्हणायचं, म्हणजे रॅक पडणार हे आपल्याला माहीत होतं असं होतं. माहीत होतं, तर आठ वर्षं काय केलं? त्यांनी क्षणभर खरोखर उठायचा विचार केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. खुर्ची अर्धा इंच मागेही सरली. मग ते म्हणाले, 'बघू. निर्णय घेतला जाईल.'

संघपालचं समाधान झालं नाही. जागेवर जाऊन त्याने संगणकावर त्या फाइलीत टिपणी लिहिली, साध्या सरळ इंग्रजीत: 'मी आज तळघरात गेलो. मी रॅक हलवून पाहिला. तो हलतो. तो पडला तर खाली बसणाऱ्या माणसाला इजा होईल. मी हे साडेअकरा वाजता कक्ष अधिकाऱ्यांना सांगितलं.' आणि पक्की केली. टिपणी हिरवी झाली.

दुसऱ्या दिवशी ती वाचून रिसबुडांना खरंच वाईट वाटलं. रागापेक्षा कीव आली. पाच वाक्यं आणि तीन ठिकाणी 'मी'. इतका मी तर राजालाही शोभत नाही. दुपारी ते पोराला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये घेऊन गेले आणि थालीपीठ मागवून, वडीलकीच्या नात्याने त्याला समजावलं. सरकार म्हणजे वाहती नदी, आपण काठावरचे. पाण्यात बोट घालून 'ही मी वाहवली' म्हणू नये. थालीपीठ संपल्यावर संघपालने एवढंच विचारलं, की खुर्चीचं काय ठरलं. रिसबूड म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. आणि ती खरंच सुरू होती: संघपालच्या टिपणीवर 'यातील भाषा तपासून फेरसादर करावी' असा शेरा मारला गेला होता.

अकराव्या दिवशी फाइलीचा चौथा खंड छापून आला. ज्ञानोबांनी तो शिवला, नाडीला गाठ मारली, स्टुलावर चढून रॅकच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवला, खाली उतरले आणि मंजूर जागेवर बसले. रॅक दुरुस्तीच्या फाइलीचं वजन रॅकला सोसलं नाही.

ज्ञानोबांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, उजवा हात दोन ठिकाणी मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा दोन बोटं वाकेनाशी झाली होती. तीस वर्षं ज्या बोटांनी दाभण धरलं, ती दोन बोटं. ही गोष्ट वाईट झाली, आणि इथे कंसात घालायला काही सुचत नाही.

कार्यालयाला मात्र सुचलं. चोवीस तासांच्या आत खेद व्यक्त झाला आणि चौकशी बसली. शेजारच्या संचालनालयातल्या श्रीमती विजयालक्ष्मी चौकशी अधिकारी म्हणून आल्या. बाई कामाला चोख. त्यांच्याजवळ एक छापील तक्ता होता आणि त्यात रकाना सहा होता: 'जबाबदार व्यक्तीचं नाव'. हा रकाना रिकामा ठेवला की तक्ता परत येतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

त्यांनी चारशे बारा पानं वाचून काढली. रॅक खरेदी केला गेला होता. तो उभा करण्यात आला होता. त्याचा कल लक्षात आला होता, दुरुस्ती विचाराधीन होती, विचार लांबणीवर पडला होता. तेवीस वर्षांत त्या रॅकच्या आसपास एकही माणूस फिरकल्याचा पुरावा नव्हता. बाई हताश होऊन शेवटच्या पानावर आल्या आणि तिथे त्यांना हिरव्या टिपणीत एक माणूस भेटला. वाळवंटात पाऊल उमटलेलं दिसावं तसा त्यांना आनंद झाला.

पुढचा तर्क इतका सरळ आहे, की त्यात खोट काढणं कठीण. रॅक तेवीस वर्षं उभा होता. त्या काळात तो कोणी हलवल्याची नोंद नाही. श्री. गणवीर यांनी तो हलवला, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं आहे. त्यानंतर अकरा दिवसांत तो पडला. शिवाय तो पडणार हे संपूर्ण संचालनालयात केवळ श्री. गणवीर यांनाच माहीत होतं, कारण तसं लिहिणारे तेच एकटे. रकाना सहा भरला.

राहता राहिलं शेवटचं वाक्य: 'मी हे कक्ष अधिकाऱ्यांना सांगितलं.' हे खरं ठरलं, तर रकान्यातलं नाव बदलणार होतं. बाई चोख असल्याने त्यांनी रिसबुडांना पत्र पाठवून विचारलं: सांगितलं होतं का? उत्तर सात दिवसांत.

रिसबुडांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने होते. निवृत्तीनंतर प्रशिक्षण संस्थेत सल्लागार म्हणून, टिपणी-लेखन शिकवायला, त्यांचं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं. खोली, पाटी आणि गाडी नसली तरी गाडीसाठी जागा मिळणार होती. इकडे संघपालची बढती यादीत तिसरा क्रमांक लावून उभी होती. आठ वर्षं वाट पाहिली होती त्याने. दोघांच्या मधे एक वाक्य होतं, तेही रिसबुडांच्या खिशात.

रविवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. रेवतीने मागून वाकून पत्र वाचलं.

'त्याने सांगितलं होतं ना तुम्हाला, बाबा?'

'तसं म्हणता येईल.'

'बाबा यार, कोर्टात नाहीये आपण. सांगितलं होतं की नाही?'

'हो.'

'मग बस, तेच लिहा ना. तीन शब्दांचा तर मामला आहे.'

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. हेमलताबाई आतूनच म्हणाल्या, 'दूध गेलं ग बाई. मी गॅस बारीक करायला विसरले. दुसरं आणते खालून.' आणि पिशवी घेऊन निघूनही गेल्या. रिसबुडांनी बंद झालेल्या दाराकडे पाहिलं.

मग त्यांनी एका चिठोऱ्यावर लिहिलं: 'ही टोल्ड मी.' तीनच शब्द. पस्तीस वर्षांत त्यांनी एवढं लहान वाक्य लिहिलं नव्हतं. ते कागदावर अगदी उघडं, थंडीत अंगावर काही नसल्यासारखं दिसत होतं. त्यांना भीती वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं. सोमवारी टंकायला द्यायचं ठरवून त्यांनी चिठोरं शर्टाच्या खिशात ठेवलं. तो शर्ट संध्याकाळी धुवायला गेला. (मशीन मी लावलं, खिसा बघायला हवा होता, असं हेमलताबाईंनी स्वतःहून सांगितलं.) लगदा झालेला कागद हातात घेऊन रिसबुडांनी सुस्कारा सोडला. तीन शब्द पुन्हा लिहायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. पण दैवाचाही काही संकेत असतो, असं त्यांच्या मनाने घेतलं.

सोमवारी गेलेलं उत्तर असं होतं: 'सदर बाब कळवण्यात आली नव्हती, असं म्हणता येणार नाही, तथापि ती कळवण्यात आली होती, असंही अभिलेखावरून सिद्ध होत नाही.' मूळ इंग्रजी याहून सुंदर आहे. विजयालक्ष्मी बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि 'पुष्टी झाली नाही' असं नोंदवलं. उपसचिवांनी फोन करून रिसबुडांचं कौतुक केलं, आणि पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत ते वाक्य पान सातवर, चौकटीत, पहिलं म्हणून घेण्यात आलं.

संघपालवर ठपका ठेवण्यात आला. बढतीच्या यादीतून त्याचं नाव वगळण्यात आलं, आणि अभिलेखांविषयी त्याला वाटणारी विशेष आस्था लक्षात घेऊन त्याची नेमणूक तळघरात करण्यात आली. ज्ञानोबांना फाटकावर हलकं काम मिळालं. ते तिथे बसतात आणि डाव्या हाताने सलाम करतात. पडलेला रॅक उचलून पुन्हा त्याच जागी उभा केला गेला. हटवायला मंजुरी नव्हती, दुरुस्तीची फाइल चौकशीला जोडलेली असल्याने परत आली नव्हती, आणि फाइली जमिनीवर ठेवता येत नाहीत, असा जुना नियम आहे. नकाशातली खुर्चीची जागाही तीच आहे. तिच्यावर आता संघपाल बसतो. पहिल्याच दिवशी त्याने खुर्ची चार फूट सरकवली. दुसऱ्या दिवशी मेमो आला.

रिसबुडांचा निरोप समारंभ थाटात झाला. शाल देण्यात आली, श्रीफळ देण्यात आलं, गहिवरून येण्यात आलं. 'रिसबूड साहेबांनी काय केलं, हे शब्दांत सांगता येणार नाही,' असं उपसचिव म्हणाले. ते अगदी खरं होतं. त्यांची पस्तीस वर्षांची सेवा-पुस्तिका चाळून पाहिली, तरी त्यांनी काही केल्याचा एकही उल्लेख सापडत नाही. सापडतो तो पहिल्या आठवड्यातला, कपाटं मोजल्याचा, आणि तोही खोडलेला आहे.

संध्याकाळी मेट्रोत मंडी हाउसला संघपाल चढला. गर्दीत दोघं समोरासमोर आले. एरवी वर्षानुवर्षं यमुना बँकपर्यंत त्यांचा प्रवास एकत्रच व्हायचा. तिथे उतरून संघपाल वैशालीची गाडी पकडायचा आणि रिसबूड तसेच पुढे मयूर विहारला जायचे. चौकशीपासून दोघं वेगवेगळ्या डब्यांत बसू लागले होते. रिसबुडांच्या हातात शाल आणि नारळ होता. संघपालने नारळाची पिशवी आपल्या हातात घेतली, कारण म्हाताऱ्याला वर दांडी धरता येत नव्हती.

प्रगती मैदान गेलं, इंद्रप्रस्थ गेलं, गाडी पुलावर आली. बायको, श्रावस्ती, कशी आहे, असं रिसबुडांनी विचारलं. संघपाल म्हणाला, बरी आहे, रोज संध्याकाळी फोन करून विचारते, की वर आलात का. यमुना बँक आलं. दारं उघडली. संघपालने पिशवी परत दिली.

'संघपाल,' रिसबुडांच्या तोंडून कसंबसं निघालं, 'चूक झाली रे.'

संघपाल दारात थांबला. मागचे लोक त्याला ढकलत होते.

'कोणाकडून, सर?' त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच ऐकायचं होतं.

रिसबुडांनी तोंड उघडलं. पस्तीस वर्षांच्या सवयीने आधी वाक्य मनात जुळवायला घेतलं. ते जुळेपर्यंत दारं बंद होत असल्याची घोषणा झाली, दोन्ही भाषांत, आणि दारं बंद झाली.

सध्या रिसबूड प्रशिक्षण संस्थेत मंगळवारी आणि गुरुवारी शिकवतात. पोरं त्यांच्यावर खूष आहेत.

आता राहिला रॅक. तो आजही तळघरात उभा आहे, कल डावीकडे, वर पाच खंड (चौकशीहून परतलेले चार, पाचवा चौकशीचा). त्याखाली भंडाऱ्याचा एक माणूस रोज साडेनऊ ते सहा बसतो. ही बाब या परिच्छेदाद्वारे वाचकांना रीतसर कळवण्यात आली आहे. आपण इथपर्यंत वाचत आलात, म्हणजे ती आपल्याला पोचली, अशी पक्की नोंद झालेली आहे. ही नोंद हिरवी आहे. 'अरेरे, कोणीतरी काहीतरी करायला हवं,' असं आपल्याकडून म्हटलं जाईल, याची कल्पना आहे. त्याबद्दल आगाऊ आभार. मात्र पुढेमागे विचारणा झाली, तर आपल्याला काही सांगितलं गेलं नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

म्हणायचंच असेल, तर पान सात पाहावं. चौकटीतलं पहिलं वाक्य.